अण्णासोंनी खाल्लेलं कुत्रं

"आवो, आनखी एक वाटी घ्या की! रश्श्याला लाजायचं न्हाय पावणं," असं म्हणत अण्णासोंनी केरबांच्या वाटीत तांबडा रस्सा ओतला आणि सगळं छान चाललेलं असताना स्वतःच्याच जिभेनं स्वतःचा घात करून घेतला.

खरं तर त्या रविवारी घात होण्यासारखं काहीच नव्हतं. अण्णासो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कोल्हापुरात स्थिरावले होते. त्यांच्या लेकीला, प्रीतीला, आजऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा प्रसेनजीत काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि मुलामुलीची पसंती आधीच झाली होती. आज तो आणि त्याचे आईवडील, तानाबाई आणि केरबा, जेवायला आले होते. जेवणं उरकली की सुपारी फोडायची आणि लग्न पक्कं करायचं. सुपारी, नारळ आणि पेढ्यांचं तबक समोरच्या टेबलावर तयार होतं. मटण अण्णासोंनी स्वतः शिजवलं होतं, कारण मटणाच्या बाबतीत त्यांचा बायकोवरही विश्वास नव्हता.

पण मटणाच्या ताटावर बसलेला माणूस गप्प जेवेल तर शपथ! काय काय खाल्लंय याच्या बढाया सुरू झाल्याच.

"आमी रानडुक्कर खाल्लंय," केरबा म्हणाले. "साळिंदर खाल्लंय. एकदा तर घोरपडबी खाल्ली. कुनाला बोलू नगासा."

"ह्यॅ! त्यात काय इशेष?" अण्णासोंना राहवेना. "मी नागालँडला हुतो तवा कुत्र्याचं मटन खाल्लंय!"

सगळे हात ताटातच थांबले. प्रसेनजीतला ठसका लागला. तानाबाईंनी तोंडाला पदर लावला. केरबांनी वाटीतला रस्सा चमच्यानं हळूच ढवळून पाहिला.

"पावणं, ह्यात... बोकडच हाय न्हवं?"

दुसरा कुणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. पण अण्णासोंच्या रश्श्यावर संशय म्हणजे थेट त्यांच्या अब्रूवर घाला. त्यांचं डोकं सटकलं.

"कोल्हापुरात बसून मटनाची वळख मागताय? आवो, खाटकाकडनं शेपूट बघून घेतलंय मी, शेपूट!"

"कुनाचं?" तानाबाईंनी विचारलं.

आता हा काय प्रश्न झाला? पण तानाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "येताना दारात येक पिवळं कुत्रं बसलं हुतं. आता दिसंना ते."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दार रिकामं. अण्णासोंच्या बायकोला, आक्काताईंना, वाटलं की आपण काहीतरी बोलून सावरावं. "आमचा मोत्या व्हय? त्यो सकाळपासनं पातेल्याभवतीच हुता की!" त्या म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली.

"उठा," केरबा गरजले. "सुपारी ऱ्हाऊ दे. चला आजऱ्याला."

आतल्या खोलीच्या दारात प्रीती उभी होती. तिचा चेहरा पार उतरला. ते अण्णासोंनी पाहिलं, पण तोंडातून माफीचा शब्द काही निघेना.

केरबा तरातरा उंबऱ्याबाहेर गेले आणि तिथंच अडले. सकाळीच घेतलेल्या कापशी चपलांपैकी एकच जाग्यावर होती. एक पाय अनवाणी ठेवून रुसून जाता येत नाही. तसं केलं तर रुसव्यात काही दम राहत नाही. त्यामुळे सगळेच जण चप्पल शोधायला अंगणात आले.

गलका ऐकून शेजारचे भूपाल पाटील बाहेर आले. हा जैन माणूस. कांदासुद्धा न खाणारा. केरबांनी त्यांनाच साक्षीला धरलं. "तुमी शेजारी. खरं सांगा, ह्यांच्या चुलीवर काय शिजतंय?"

"मला काय इचारताय?" भूपाल म्हणाले. "आमाला बोकड काय आन कुत्रं काय, दोनीबी सारखंच. तुमी त्यात डावं-उजवं कसं काय ठरवताय, तेच मला उमगंना."

ह्या उत्तरानं दोन्ही व्याही सारखेच चिडले. तेवढ्यात भूपालांच्या भिंतीआडून शेपूट हलवत मोत्या आला. त्याच्या तोंडात कापशी चप्पल होती. तिचा अंगठा खाऊन झाला होता आणि आता पट्ट्याचं काम चालू होतं.

"मोत्या!" आक्काताई आनंदानं किंचाळल्या. तानाबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला. चप्पल गेल्याचं दुःख विसरून केरबासुद्धा खो खो हसू लागले.

"लई बेरकी हायसा तुमी पावणं! म्हंजे आमची थट्टा केलासा व्हय? कुत्रं खाल्लं म्हनं! चला, फोडा सुपारी."

बस्स. अण्णासोंनी नुसतं हसायचं होतं. आक्काताई डोळ्यांनी विनवत होत्या, व्हय म्हना, एकदा व्हय म्हना. प्रीतीसुद्धा बापाकडेच बघत होती.

"थट्टा न्हवती," अण्णासो म्हणाले. "मोत्या हाय, ते खरं. आन मी खाल्लंय, तेबी खरं."

"आवो, पर आता कशाला..."

"ऐकून घ्या. तापानं फणफणलो हुतो. एका म्हातारीनं घरात घेतलं. तिच्याकडं म्हनं आजारी मानसाला त्योच रस्सा देत्यात, ताकद येती म्हनून. सोता न खाता तिनं मला वाढलं. जात इचारली न्हाय, भांडं येगळं ठेवलं न्हाय. आपल्या बापजाद्यांच्या ताटाकडं बघून गावानं कशी नाकं मुरडली, ते तुमाला मी सांगाय पायजे व्हय, केरबा? आन आज मी तिच्या ताटाकडं बघून नाक मुरडू? साळिंदर चालतंय, घोरपड चालती. मग त्या म्हातारीनं काय पाप केलं? सोयरीक मोडायची तर मोडा. तिच्या अन्नाला मी थट्टा म्हननार न्हाय!"

केरबांनी मोत्याच्या तोंडातून उरलेली चप्पल ओढून घेतली.

प्रीती पुढं आली. डोळे पुसत, पण ठणकावून म्हणाली, "पप्पा आता व्हय म्हणाले असते ना, तर मीच हे लग्न मोडलं असतं."

प्रसेनजीत आत गेला, आपल्या ताटावर बसला आणि वाटी पुढं करून म्हणाला, "मामा, पांढरा रस्सा आना. तुमच्याच हातानं वाढा."

तानाबाई नवऱ्याकडे बघून फणकारल्या, "घोरपड खाल्ली तवा मला तरी कुटं इचारलंतासा?" आणि प्रीती, आक्काताईंना घेऊन त्याही आत गेल्या. भूपाल मान हलवत घरी गेले. त्यांना अजूनही काही उमगलं नव्हतं.

केरबा अर्धी चप्पल हातात घेऊन अंगणातच उभे होते. मग त्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं, अण्णासोंच्या अगदी जवळ सरकले आणि हळूच विचारलं, "चवीला कसं लागतंय वो?"

अण्णासोंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना आत नेलं.

"सांगतो की. आदी सुपारी फोडा!"