वैशाखातलं मासिक उत्पन्न

ज्या माणसाचं उत्पन्न बेभरवशाचं असतं, त्याचे खर्च मात्र फार शिस्तीचे असतात. ते दर महिन्याला ठरल्या तारखेला न चुकता हजर होतात. श्रीरामपूरचा जस्टिन लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा आणि त्याची कमाई मुहूर्तांवर होती. चातुर्मासात हिंदूंची लग्नं बंद, ईस्टरआधीच्या उपवासकाळात ख्रिस्ती लोकांची बंद, रमजानात मुसलमानांची बंद. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो जस्टिनने स्वतःच्या खिशात अनुभवला होता.

अशा माणसाला क्रेडिट कार्ड मिळत नाही, हा एक गैरसमज आहे. बँकेचा प्रतिनिधी एसटी स्टँडसमोर छत्री लावून बसला होता. (छत्री बँकेची, ऊन श्रीरामपूरचं.) अर्जात ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना होता. जस्टिनने वैशाखातलं लिहिलं. यात काडीचीही लबाडी नव्हती. वैशाख हाही महिनाच आहे. बँकेने त्या आकड्याला बाराने गुणलं आणि सासऱ्यानेही दाखवला नव्हता एवढा विश्वास त्याच्यावर दाखवला.

पहिल्या वर्षी कार्डावर मुलीची फी, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि नवा कीबोर्ड अशा चैनी झाल्या. मग आषाढ आला. ‘किमान देय रक्कम’ ही मानवजातीला मिळालेली थोर सवलत आहे. ती भरली की माणूस सभ्य ठरतो आणि कर्जाच्याही केसाला धक्का लागत नाही. तेवढेही पैसे नसले, तर दुसरं कार्ड घ्यायचं. मोबाईलचा दुकानदार इम्रान ते मशीनवर घासून, तीन टक्के कापून रोकड द्यायचा आणि त्यातून पहिल्या कार्डाची वेळ निभायची. या पद्धतीत शंभर टक्के लोक समाधानी आढळले. (पाहणीत भाग घेतलेले : इम्रान.)

श्रावणात वसुलीचा फोन आला. “मॅडम, तुळशीचं लग्न झालं की भरतो,” जस्टिन कळवळून म्हणाला. मॅडमनी आस्थेने नोंद केली. दुसऱ्या दिवशी बँकेच्या दुसऱ्या विभागातून फोन आला : घरात लग्न निघाल्याचं समजलं, विवाहकर्ज देऊ का?

शेवटी इम्रानने कीबोर्डला गिऱ्हाईक आणलं. जस्टिनची बायको ग्लोरिया भडकली.

“कीबोर्ड इकल्यावर दिवाळीनंतर काय, ताट वाजवनार? त्यापरीस लोकांकडं राह्यलेलं आना की!”

तिचं बरोबर होतं. वाजवणाऱ्याला सुपारी ठरताना थोडे पैसे मिळतात आणि बाकीचे ‘पाहुणे गेले की’ मिळतात. पाहुणे जातात, एवढं खरं. जस्टिनला बँकेचं जेवढं देणं होतं, त्याहून जास्त लोकांकडून येणं होतं. बँकेचं महिना साडेतीन टक्क्यांनी वाढत होतं. त्याचं येणं शून्य टक्क्यांनी, पण नियमित.

सगळ्यांत मोठी बाकी सोनईच्या आबासाहेबांकडे होती. त्यांच्या थोरल्याच्या वरातीत जस्टिनने बोटं सुजेपर्यंत वाजवलं होतं. जस्टिन बाकी मागायला गेला, तेव्हा आबासाहेबांनी चहा पाजला. कार्डाचं ऐकून त्यांना मनापासून वाईट वाटलं.

“जस्टिनराव, ते कारड लई वंगाळ. मानसानं कुनाचं देनं डोक्यावर ठिऊ न्हाई. आमच्याकडं बघा, बँकेचा एक रुपया न्हाई.”

“व्हय आबासाहेब. तेवढे थोरल्याच्या लग्नातले...”

“ते कुटं पळून चाललेत? मार्गशीर्षात धाकट्याचं हाय. तुमीच वाजवायचं. दोन्हीचं एकदमच घ्या!”

जस्टिन ‘बरं’ म्हणाला. जास्त ताणून धरलं असतं तर धाकट्याची सुपारी गेली असती, आणि तिच्या मागोमाग सोनईतल्या इतर सुपाऱ्याही.

कीबोर्ड गेला. त्यानंतर किमान रक्कम वेळेवर येत गेल्याने बँकेने खूश होऊन कार्डाची मर्यादा वाढवली. मार्गशीर्षात भाड्याचा कीबोर्ड आणायला तेवढी पुरेल, असा जस्टिनने हिशेब केला. कीबोर्ड गेला त्या संध्याकाळी मुलगी सवयीने वाजवायला कोपऱ्यात गेली आणि तिथे नुसतीच उभी राहिली, तेव्हा मात्र त्याला भडभडून आलं.

कार्ड घेणाऱ्यांनी यातून काय शिकावं, हे सांगायला तज्ज्ञ आहेत. ज्या वाचकांनी आयुष्यात बँकेचा रुपया थकवला नाही, त्यांना मात्र एक विचारायचं आहे. तुमच्या घरच्या शेवटच्या कार्यात वाजवणाऱ्याचे थोडे राहिले होते, ते दिलेत का? नक्की आठवत नाही ना? त्याला आठवतं. पण तो मागायचा नाही, कारण तुमच्याकडे अजून एक लग्न व्हायचं आहे.