मास्तरांची बांधलेली चावी

मास्तरांच्या क्लॅरिनेटची चावी मी बांधली. त्यांना न विचारता, रबराचे दोन वेढे देऊन. हे मी अकरा दिवस कोणाला सांगितलं नाही, आणि त्या अकरा दिवसांत एका माणसाने वाजवणं सोडलं. म्हणून आधी ही कबुली, मग मास्तर.

नाशिकरोडच्या आमच्या लग्नाच्या बँडमध्ये मास्तर पहिला क्लॅरिनेट वाजवतात, मी दुसरा. मास्तरांचं वय बहात्तर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून निवृत्त. त्यांची बोटं कधी स्वस्थ बसत नाहीत. बसच्या दांड्यावर, छत्रीच्या मुठीवर, भाजीवालीकडच्या दुधी भोपळ्यावर त्यांचं सप्तक चालूच. एकदा भाजीवाली वैतागली. "बाबा, घ्यायचा तर घ्या, लय दाबू नका."

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "दाबत नाही बाई, वाट शोधतोय."

एकच सूर दोन-तीन तऱ्हांनी बोटं ठेवून काढता येतो. सगळे शिकतात तो मास्तरांच्या भाषेत हमरस्ता, बाकीच्या चोरवाटा. "सरळ सप्तक वाजवताना हमरस्त्याने जा. पण दोन सूर भराभर थरथरवायचे असले की हमरस्त्यावर बोटांची गर्दी होते. तिथं चोरवाट धरायची." लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते विचारायचे, "बोल, रेवरून कोमल गला कसा जाशील?" उत्तर चुकलं की चुकणाऱ्याच्या पानातली जिलेबी उचलायचे.

डाव्या हाताच्या अनामिकेवर त्यांचा विशेष राग. रे आणि कोमल गची थरथर आम्ही सगळे त्या बोटाने करतो. मास्तर मात्र उजव्या तर्जनीने बाजूची चावी, म्हणजे भोकावरची धातूची झडप, उघडून करायचे. "अनामिका म्हणजे घरजावई. नुसता बसून खाणार. त्याच्या भरवशावर थरथर करू नये." आम्ही हसायचो. मी विशीत असताना याच मास्तरांनी मला ही थरथर अनामिकेने शिकवली होती. मग मत कधी बदललं, हे विचारावंसं मला वाटलं नाही.

सिन्नरजवळच्या एका गावात लग्न होतं. सकाळी मास्तर चहाला गेले असताना मी त्यांचा क्लॅरिनेट फुंकून बघितला. बाजूच्या चावीची गादी नीट बसत नव्हती, हवा निसटत होती, खालचे सूर फाटत होते. नीट न मिटणारी चावी रबराने बंद बांधून टाकायची, हा आम्हा बँडवाल्यांचा जुना इलाज. सायकलच्या ट्यूबचं काळं रबर खिशात होतंच. काळ्या लाकडावर ते दिसलंही नसतं. मदत करतोय असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मनात हेही होतं, की आज म्हातारा झक मारत सगळ्यांसारखं वाजवेल.

मास्तर परत आले तेव्हा नवरदेव घोड्यावर बसला होता. घाईत त्यांनी वाद्य उचललं. वरात मारुतीच्या पारापाशी थांबली. तिथं ढोल-ताशा बंद होतो आणि एकटा क्लॅरिनेट वाजतो. सगळं गाव कान देऊन उभं. मास्तर थरथरीच्या जागेपर्यंत आले, आणि त्यांची तर्जनी अडकली. त्यांनी पुन्हा दाबलं. चावी हलेना. मग त्यांनी अनामिका उचलायचा प्रयत्न केला. मी शेजारीच होतो. ते बोट उठलंच नाही. भोकावर पडून राहिलं, आणि क्लॅरिनेटमधून एक चिरका आवाज निघाला.

"ओ मास्तर, कोंबडं कापता का काय?" नवरदेवाचा मामा ओरडला. सगळे हसले. बँडच्या मालकांनी मला खूण केली. मी पुढचं वाजवलं, अनामिकेने, स्वच्छ. शिट्ट्या पडल्या. मास्तर वरातीच्या शेवटपर्यंत गाल फुगवून माझ्या शेजारून चालले. फुंक मात्र मारत नव्हते.

टेम्पोत वाद्यं भरताना मी गुपचूप रबर काढलं. मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. "संज्या, माझी चावी का हलली नाही रे? उजवं बोटपण गेलं का?"

"उजवं'पण' म्हणजे?"

"डावं दोन वर्षांपासून भराभर उठत नाही. कोणाला बोलू नको. मालक घरी बसवतील. घरी बसून मी बोलू कोणाशी, भिंतीशी?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं असं, मास्तर."

त्यानंतर ते तालमीला आले नाहीत. अकराव्या दिवशी मालकांनी विचारलं, "मास्तरांचा बँडचा कोट नव्या पोराला द्यायचा का? मापाचा होईल." मी स्कूटर काढली.

मास्तर त्यांच्या खोलीत मेथी निवडत बसले होते. बोटं मेथी निवडण्यापुरतीच हलत होती. मला बघून त्यांनी कपाटावरची क्लॅरिनेटची पेटी खाली काढली. "बरं झालं आलास. हा घेऊन जा. तुझं बोट उठतं."

मी पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडून त्यांच्या हातात दिला. "बाजूची चावी दाबा."

"नको रे."

"दाबा, मास्तर. तुमच्या बोटाला काही झालेलं नाही. त्या दिवशी ती चावी मी रबराने बांधली होती. नंतर सोडलीही मीच."

त्यांनी चष्मा पुसला. तर्जनीने चावी दाबली. ती उघडली. पुन्हा दाबली. मग त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावला आणि रे-कोमल गची थरथर काढली, इतकी लांब की मला वाटलं श्वास संपेल. थांबले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.

"अकरा दिवस, संज्या?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. "मास्तर, चावी बांधली ती चूक झाली. पण टेम्पोत तुम्ही विचारलंत आणि मी 'होतं असं' म्हणालो, ते मी जाणूनबुजून केलं. त्याची माफी मागायला आलोय."