मापाचा माणूस

वहिनींनी आयुष्यात कधी कुणाला टेप लावली नव्हती, आणि हे त्या भेटेल त्याला सांगत. "टेप लागते ती नवशिक्यांना. माझं माप नजरेत असतं," असं म्हणून त्या समोरच्याला डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघत. मग काही आठवड्यांनी त्या माणसाच्या हातात एक स्वेटर पडे. तो त्याला नको असे, पण अंगाला मात्र चोख बसे. नणंदेला शाल झाली, जावेला पर्स झाली, जावेच्या पर्सला वरून घालायला पिशवी झाली. नात्यातलं कुणी सुटलं नाही तेव्हा वहिनी वस्तूंकडे वळल्या. घरातल्या गरम पाण्याच्या पिशवीला बंद गळ्याचं जाकीट होतं, आणि मिक्सर लावायचा तर आधी त्याची बटणं सोडावी लागत.

या सगळ्यातून एकच माणूस राहिला होता, तो म्हणजे वहिनींचे अहो. त्यांना सगळी इमारत 'अहो' असंच म्हणे, कारण वहिनींच्या तोंडून त्यांचं दुसरं नाव कुणी ऐकलंच नव्हतं. ते राहिले याचं कारण साधं होतं. घरातला माणूस घरातच आहे, त्याचं कधीही करता येईल, असं म्हणत म्हणत वहिनींनी बाहेरच्यांची कामं आधी उरकली. आणि अचानक अहो दूर कुठेतरी थंड डोंगरात बोगद्याच्या कामावर गेले. बोगदा एका हंगामात आरपार होणार होता, पण हे डोंगराला कुणी सांगितलं नव्हतं. हंगाम संपला, दुसरा लागला, अहो तिकडेच. रविवारी फोन येई, तोही त्यांना पाण्याच्या टँकरवर चढून करावा लागे. तिथेच म्हणे रेंज होती.

अशाच एका रविवारी ते सहज बोलून गेले, "सकाळी बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं."

फोन ठेवल्याबरोबर वहिनींनी राखाडी लोकर आणली. कुणाला सांगितलं नाही. अहोंना काहीही पाठवते म्हटलं की ते "नको, इथे सगळं मिळतं" म्हणत, म्हणून त्यांना सांगायचं नाही. आणि सासूबाईंना सांगितलं की अहोंना सांगितल्यासारखंच, म्हणून त्यांनाही नाही. सुया घेऊन वहिनी खिडकीशी बसल्या, टाके घालायचे म्हणून डोळे मिटले आणि अहोंना समोर उभं केलं.

चेहरा आला. बुटाची नाडी बांधताना जीभ बाहेर काढायची सवय आली. वर्तमानपत्र वाचताना ते उगाच "हं" म्हणत, ते "हं"सुद्धा आलं. पण खांदे कुठे संपतात ते काही केल्या दिसेना. ज्या खांद्यावर डोकं टेकून इतकी वर्षं काढली, तो खांदा किती रुंद होता ते त्यांना सांगता येईना. वहिनींनी डोळे उघडले, परत मिटले, जागा बदलून बघितली. अहो समोर यायचे आणि कडेकडेने विरघळून जायचे.

जुने शर्ट बघावेत, तर शर्ट नव्हते. बरे होते ते अहो घेऊन गेले होते आणि उरलेले वहिनींनीच कापून त्यांची गोधडी शिवली होती. रोज तीच पांघरून झोपायच्या. त्यांनी गोधडी जमिनीवर पसरली आणि तुकडे जुळवायचा प्रयत्न केला. खिसा उशाकडे होता, कॉलर मधे आणि कफ पार पायाशी. त्या हिशोबाने अहो छताला टेकले असते.

शेवटी रविवारी त्यांनी फोनवर आडून विचारलं, "अहो, तुमची छाती किती आहे हो?"

"छाती? बरी आहे आता. खोकला होता, गेला."

"तसं नाही. मोजली तर किती भरेल?"

"मोजली नाही. डॉक्टरांनी नुसती नळी लावून बघितली. तू काळजी नको करूस."

"आणि हात? खांद्यापासून मनगटापर्यंत?"

"हातही ठीक आहेत. तुला कुणी काही सांगितलंय का?" मग वारा आला, घरघर झाली आणि फोन बंद पडला.

पुढच्याच आठवड्यात वहिनी भाजी घेऊन येत होत्या. जिन्याखाली विजेच्या मीटरांपाशी एक माणूस पाठमोरा वाकून उभा होता. रुंद पाठ. डावा खांदा जरा खाली. मानेवर केसांचा एक चुकार झुपका. वहिनींच्या हातातून पिशवी सुटली आणि बटाटे पायऱ्यांवरून टणटणत खाली गेले.

"आलात?" त्या म्हणाल्या.

माणूस वळला. मोठ्या मिश्या, तोंडात टॉर्च. "ऊं?" तो म्हणाला.

तो मीटरवाला होता. दर महिन्याला यायचा, वहिनींनी त्याला चहासुद्धा दिला होता कितीदा. पण त्याची पाठ त्यांनी कधी बघितली नव्हती. त्या पायरीवर बसल्या. मीटरवाल्याने बिचाऱ्याने सगळे बटाटे गोळा करून दिले. आणि तो परत पाठ करून आकडे वाचायला लागला तेव्हा वहिनींच्या मनात आलं, देवानेच माप पाठवलंय, आपण रडत काय बसलोय.

"भाऊ," त्या डोळे पुसून म्हणाल्या, "जरा हात पसरून उभे राहता का?"

टेप घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. वहिनींनी लोकरीचा लांब तुकडा आणला. मीटरवाला दोन्ही हात पसरून उभा, टॉर्च तोंडात तसाच. वहिनींनी त्याच्या छातीभोवती लोकर नेण्यासाठी दोन्ही हात घातले, आणि नेमक्या त्याच वेळी तळमजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं.

"काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

"ऊं ऊं," मीटरवाला म्हणाला.

वहिनींनी खरं सांगायला हवं होतं. पण काकूंना सांगितलं की ते सासूबाईंकडे पोचणार आणि तिथून थेट टँकरवर. म्हणून त्या म्हणाल्या, "काही नाही, मीटर बघताहेत."

काकूंनी त्याच दिवशी सासूबाईंना फोन केला. सासूबाई थोरल्या मुलाकडे राहत. "मी काही बोलत नाही," काकू म्हणाल्या, "पण तुम्ही थोडे दिवस सुनेकडे राहायला या."

सासूबाई आल्या त्या मोठी पिशवी घेऊन. विचारलं काहीच नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि तिथेच राहिल्या. वहिनींची मोठी पंचाईत झाली. स्वेटर उशीच्या अभ्र्यात लपवायचा आणि न्हाणीघरात नळ सोडून विणायचा, असा त्यांनी मार्ग काढला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, बाह्या झाल्या.

"हल्ली तुझी अंघोळ फार चालते," सासूबाई म्हणाल्या.

"उकडतं फार," वहिनी म्हणाल्या. बाहेर लोक कानटोप्या घालून फिरत होते.

महिन्याने मीटरवाला आला, तशा वहिनी कचरा टाकायच्या निमित्ताने उशी घेऊन खाली उतरल्या. जिन्याच्या वळणावर त्यांनी त्याला गळा व्हायचा बाकी असलेला स्वेटर घालून बघितला. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. त्यांनी त्याला पाठमोरं उभं केलं आणि बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ.

"वळू का?" त्याने अवघडून विचारलं.

"थांबा हो जरा," वहिनी म्हणाल्या.

वर दाराच्या फटीतून सासूबाई बघत होत्या. संध्याकाळी वहिनी दुकानात गेल्या तेव्हा त्यांनी उशी चाचपली, स्वेटर बाहेर काढला आणि विती टाकून मोजला. मग रविवारी अहोंचा फोन आला तो त्यांनीच उचलला. "पुढच्या महिन्यात मीटर बघायला माणूस येतो, त्या दिवशी तू घरी हवास. कारण विचारू नकोस." आईने असं बजावल्यावर अहोंच्या मनात नको ते आलं. रजा मागून ते निघाले.

अहो आले तेव्हा वहिनी कणीक मळत होत्या. दार सासूबाईंनी उघडलं. वहिनींनी आवाज ऐकला आणि हात तसेच घेऊन बाहेर आल्या. कणकेचे हात मधे धरून दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. जवळ जावं तर सासूबाई मधे, हात धरावा तर कणीक. अहोंचा चेहरा उन्हाने रापला होता आणि त्यांनी कपाळावर काळजीची आठी धरून ठेवली होती.

"बरे आहात ना?" वहिनींनी विचारलं.

"मी बरा आहे. तू?"

"बस," सासूबाई म्हणाल्या, "आणि हे घाल." त्यांनी अभ्र्यातून स्वेटर काढून अहोंच्या मांडीवर टाकला.

वहिनींना वाटलं, गुपित फुटलं ते फुटलं, निदान अंगावर तरी बघायला मिळेल. अहोंनी स्वेटर घातला. खांदे दंडांवर उतरले. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. समोरून बघितलं तर वाळत घातलेल्या स्वेटरच्या मागे कुणीतरी उभं असावं तसे ते दिसत होते.

काकू तेवढ्यात विरजण मागायला म्हणून आल्या होत्या, त्या भांडं हातात धरून तिथेच थांबल्या.

"कुणाचा आहे?" अहोंनी हळूच विचारलं.

"तुमचा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटलं.

अशा वेळी मीटरवाल्याने दारात उभं राहून घसा खाकरला. मीटरचा नंबर जुळत नव्हता, विचारायला वर आला होता. अहोंच्या अंगावरचा स्वेटर बघून त्याचा चेहरा खुलला. "झाला का पुरा? हेच का साहेब?" मग जरा निरखून म्हणाला, "मला बरोबर बसला होता."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. काकूंनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"तुम्हाला का बसवला?" अहोंनी विचारलं.

"पाठीमागून मी साहेबांसारखा दिसतो म्हणून. वहिनींनी मला तसंच सांगितलं." आणि पुरावा म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अहो त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पाठ खरोखरच भव्य होती.

"मी असा दिसतो?"

"मला दिसलात," वहिनी म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "जिन्याखाली दिसलात. मी हाकसुद्धा मारली. मला तुमचं माप आठवेना हो. सगळं आठवत होतं, तेवढंच आठवेना. मग हे तुमच्याएवढे वाटले."

"बारीक झालाय का हा तिकडे?" काकूंनी विचारलं. त्यांना अजून थोडी आशा होती.

"होता तेवढाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून त्याचे कपडे मी शिवून घेतलेत. हिनेच त्याला मनात वाढवून ठेवलाय."

मीटरवाल्याला आपण भिंतीकडे तोंड करून का उभे आहोत ते कळेना. त्याने नंबर विचारला, लिहून घेतला आणि तो गेला. काकूही विरजण न घेताच खाली गेल्या. सासूबाईंनी परात उचलली. "उरलेली मी मळते," असं म्हणून त्या आत गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

अहो स्वेटरमध्येच बसले होते. लांब बाही मागे सारत म्हणाले, "आमच्या कॅम्पवर एक स्वयंपाकी आहे. चांगला सहा फुटी, दाढी इथपर्यंत. पण खोकतो ना, तो अगदी तुझ्यासारखा. आधी दोन बारके, मग एक मोठा. मी रोज सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसतो. भांडी घासताना तो खोकतो."

"मी अशी खोकते?"

"मला ऐकू येतेस," अहो म्हणाले.

वहिनींनी कणकेचे हात त्यांच्या बाह्यांवर ठेवले. राखाडी लोकरीवर पांढरे पंजे उमटले. नाहीतरी उसवायचाच होता.

दुसऱ्या दिवशी उसवायला बसले. वहिनी ओढत होत्या आणि अहो दोन्ही हात पुढे करून त्यावर लोकरीची लड धरत होते. समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. एरवी हे काम त्या खुर्चीच्या पाठीवर झरझर उरकत. आज लोकर फारच हळू निघत होती, मधेच गुंता होत होता, तो सोडवायला दोघांना वाकावं लागत होतं. कॅम्पच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा सासूबाईंनी तो घेतला. "त्याचे हात गुंतलेत, मग करा," एवढं सांगून त्यांनी ठेवून दिला.

रजा कसली, आईच्या प्रकृतीच्या नावाखाली मिळालेली ती सवड होती. लोकर धुऊन वाळली तोवर संपली. निघायच्या सकाळी सासूबाईंनी आपल्या पिशवीतून टेप काढून सुनेपुढे धरली. "घे. नजरेचं आता पुरे झालं."

वहिनींनी मुकाट्याने घेतली. अहो खिडकीपाशी हात पसरून उभे राहिले. वहिनींनी छातीभोवती टेप नेली. हात भोवती पोचायला मुळीच कष्ट पडले नाहीत. कुठे ओढावं लागलं नाही. अहोंनी श्वास घेतला की टेप जराशी ताणायची, सोडला की सैल व्हायची. वहिनी तशाच उभ्या राहिल्या. मग खांदा मोजला, मग बाही मोजली, मग छाती पुन्हा एकदा मोजली. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा वाजवला तेव्हा सासूबाईंनीच बॅग उचलून दारात नेऊन ठेवली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी वहिनी खिडकीतून हलल्या नाहीत. मग आल्या, डोळ्यांना पाणी लावलं आणि लोकर आणि सुया घेऊन बसल्या. थंडी संपायच्या आत पाठवायचा होता. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या.

"सांग, किती टाके घालायचे? छाती किती भरली?"

वहिनींनी सुईकडे बघितलं. मग टेपकडे बघितलं. टेप व्यवस्थित गुंडाळून टेबलावर पडलेली होती.

"अगं, आकडा सांग."

"आकडा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांची मान खाली गेली. "आकडा बघायचा राहिला."

सासूबाईंनी चष्मा काढला. "मग इतका वेळ तिथे काय मोजत होतीस?"

वहिनींनी डोळे मिटले आणि त्या टाके घालायला लागल्या.