चाळीस उजवे पाय

गायकवाडकाकांच्या हातात कुठलंही खोकं द्या, ते आधी कानाशी नेऊन हलवणार. आतलं सामान खडखडलं की निकाल ठरलेला: "बोलतंय. रिजेक्ट." आनंदनगरच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात त्यांची उभी हयात गेली. आता निवृत्त होऊन अंबरनाथला आमच्या शेजारी राहतात, पण कान अजून ड्युटीवर आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात ते आहेर द्यायला स्टेजवर चढले, नवरदेवाच्या हातातलं भलत्याच कुणाचं खोकं हलवलं आणि म्हणाले, "आत काच आहे, आणि ती फुटलीय." खरोखरच फुटली होती. आत्याने त्यांना अजून माफ केलेलं नाही, कारण खोकं तिचं होतं.

बदलापूरच्या पुढे मुलामुलींचं एक वसतिगृह आहे. दिवाळीच्या सुट्टीत ज्यांना घरी न्यायला कुणी येत नाही, अशी चाळीस मुलं तिथे उरतात. गेल्या वर्षीपासून आमची सोसायटी त्यांच्यासाठी भेटीची खोकी भरते, आणि काका कुणी न नेमता पॅकिंगचे इन्चार्ज झालेत. यंदा चपला द्यायचं ठरलं, तेव्हा ते एकटेच तिथे जाऊन प्रत्येकाचा उजवा पाय जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीने आखून घेऊन आले. डावा का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, डाव्यावर विश्वास ठेवायचा. ते कागद घेऊन आम्ही उल्हासनगरला गेलो. चपलांच्या दुकानातल्या सिंधी शेठने चाळीस पाय काउंटरवर मांडले आणि गंभीरपणे विचारलं, "साईं, पैर तो सब ले आये, बच्चे किधर छोडे?"

पॅकिंगच्या दिवशी सगळ्यात सोपं काम माझ्याकडे होतं. काका एकेक खोकं भरत: चपला, रंगखडू, फराळाचा पुडा, उरलेल्या जागेत कागदाचे बोळे. खोकं कानाशी गप्प राहिलं की टेप मारून, मुलाचं नाव सांगून माझ्याकडे सरकवत. मी त्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, बस. पण दर वेळी चिठ्ठी शोधत बसणं मला फार मागासलेलं वाटलं. मी नुसती मान डोलवत खोक्यांची सुरेख चळत रचली, शेवटी चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावल्या आणि दहा मिनिटांत चाळीसच्या चाळीस चिकटवून चहा घेतला. मी शाबासकीची वाट बघत होतो.

काकांनी चळतीवरून नजर फिरवली. अनिकेतच्या नावाच्या खोक्यात नक्की कुणाच्या चपला आहेत, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मला कुठे ठाऊक? दोन वाजले होते, टेम्पो चारला निघणार होता. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कटर माझ्या हातात दिला.

मी खोकी उघडून चपला कागदांवरच्या पायांशी जुळवत गेलो, आणि प्रत्येक खोक्यात चपलांच्या खाली एक पोस्टकार्ड निघत गेलं. त्यावर काकांचा स्वतःचा पत्ता, टपोऱ्या अक्षरात. मागे वरच्या बाजूला एकच ओळ: तक्रार असल्यास कळवावे.

"हे काय, काका?"

"कंपनीची पद्धत आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माल गेल्यावर गिऱ्हाइकाचं म्हणणं यायला पाहिजे." मग बोळे परत कोंबता कोंबता म्हणाले, "गेल्या वर्षीही घातली होती. एकही आलं नाही. म्हणजे माल चांगला होता."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा नाशिकला असतो, रविवारी फोन करतो. काका रोज दुपारी जिन्याखालच्या टपालपेटीपाशी का रेंगाळतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी आपला समजत होतो, त्यांना लाइटबिलाची काळजी आहे.

खोकी वेळेत गेली. दिवाळी संपली, गॅलऱ्यांतले कंदील उतरले. काका रोज खाली जात, हात हलवत वर येत. शेवटी मला राहवेना. मी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत एक खोटं कार्ड लिहायला बसलो. बायकोने ते बघून फाडून टाकलं. म्हणाली, "डाव्या हाताने लिहिलंस तरी 'सदर चपला' असं कुठलं पोर लिहितं?"

पुढच्याच आठवड्यात काकांनी आमची बेल वाजवली. हातात कार्ड होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं.

'काका, चपला बसल्या. तक्रार नव्हती म्हणून कुणीच लिहिलं नाही. मग आम्ही सगळ्यांनी बसून एक शोधली. पाय आखायला आलात तेव्हा तुम्ही जेवायला थांबला नाहीत. सोनाली आणि सगळे.'

काकांनी कार्ड परत घेतलं, पुन्हा एकदा वाचलं आणि चष्मा बराच वेळ पुसत राहिले.

"तक्रार रास्त आहे," ते म्हणाले. "स्वतः गेल्याशिवाय मिटायची नाही. रविवारी जातो."

रविवारी मुलाचा फोन येतो, मी आठवण करून दिली.

"येऊ दे की. सांगेन त्याला, साइटवर आहे."