एका कॅसेटची दोन शून्यं

जुन्नरच्या एसटी स्टँडवर रघुअण्णांना कुणी किती वाजले विचारलं, की ते हातातल्या घड्याळाकडं न बघता विचारायचे, “कुठल्या कॅसेटवर?”

विचारणारा गांगरायचा. त्याला बिचाऱ्याला नारायणगावची गाडी गाठायची असायची. अण्णा मात्र थट्टा करत नसत. लग्नाचं शूटिंग करण्यात त्यांची पंधराएक वर्षं गेली होती आणि तेवढ्यात भिंतीवरची वेळ डोक्यातून पुसली जाऊन कॅसेटवरची तेवढी उरली होती. तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी फ्रेम. एका सेकंदात पंचवीस फ्रेम. “दम धर, दोनच फ्रेम,” हे त्यांचं पालुपद. हिशेबानं दोन फ्रेम म्हणजे पापणी लवायच्या आत काम व्हायला हवं. पण अण्णा दोन फ्रेमसाठी खाली चहाला गेले, की दुपारच्या जेवणालाच उगवायचे.

मी त्यांच्या स्टुडिओत लागलो तो तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा. स्टुडिओ म्हणजे बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. तोवर अण्णा दोन व्हीसीआर शेजारी ठेवून एकावरून दुसऱ्यावर उतरवत लग्न जुळवायचे. मी पुण्याला सहा महिन्यांचा एडिटिंगचा कोर्स केलेला. म्हणून अण्णा मला पहिल्या दिवसापासून ‘इंजिनेर’ म्हणायला लागले. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी कपाट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. कॅसेटींची चळत, आणि एकीवरही नवरा-नवरीचं नाव नाही. ‘म्हैस मांडवात’. ‘मामा रुसला’. ‘फेटा सुटला’. ‘फेटा सुटला, दुसरा’. ‘भटजीला शिंका’.

“अण्णा, ही लग्नं कुणाची?”

“वर लिवलंय की.”

“वर ‘भटजीला शिंका’ लिहिलंय.”

“मंग त्येच. आडनावं लिवून काय करू? निम्मं गाव एका आडनावाचं. शिंका मातर एकाच लग्नात व्हत्या.”

गिऱ्हाइकाशीही हाच प्रकार. कुणी जिना चढून आला आणि म्हणाला, “अण्णा, आमची सीडी झाली का?” की अण्णा गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, “तुमच्यात काय बिघडलं व्हतं?”

माणूस चपापायचा. “काय नाय बिघडलं. सगळं नीट पार पडलं.”

“मंग सापडायला टाइम लागंल.”

मी शिस्त लावायची ठरवली. जाड पुठ्ठ्याची वही आणली. गाव, नवरीचं नाव, कॅसेटचा नंबर, आणि कुठला प्रसंग कुठल्या आकड्याला सुरू होतो, कुठल्याला संपतो. कॉम्प्युटरवर प्रत्येक लग्नाचा एक कप्पा केला, त्यात हळद, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी, जेवणावळ असे छोटे कप्पे. एकदा आकडे भरले, की यंत्र आपणच कॅसेट पुढं-मागं पळवायचं आणि नेमका तेवढाच तुकडा उचलून आणायचं. अण्णा स्टुलावर बसून हे बघत राहायचे. “माणूस येवढं ऐकत न्हाई, राव,” म्हणायचे.

पण यंत्रही सगळं ऐकेना. काही कॅसेटींवर आकडे नीट चालता चालता मध्येच कोसळायचे. पंचवीस मिनिटं झाली, सव्वीस झाली, आणि एकदम शून्य. पुन्हा एक, पुन्हा दोन. म्हणजे एकाच कॅसेटवर चौदावं मिनिट दोनदा! मी डोळे चोळले. केबल बदलली. शेवटी कॅमेराच पुण्याला दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यानं तो उलटासुलटा करून परत दिला. म्हणाला, “कॅमेरा ठणठणीत आहे. तुमचा माणूस मध्येच टेप मागं घेऊन बघतो. शूटिंग संपलं तिथं न थांबता पुढं कोऱ्या पट्टीवर जातो आणि तिथनं परत चालू करतो. मग आकडे नव्यानं सुरू होतात.”

मी अण्णांना गाठलं. “तुम्ही लग्नात टेप मागं घेऊन बघता?”

“बघावं लागतं.”

“काय बघता?”

“आलंय का न्हाई त्ये.”

“मग रोज का नाही बघत? काही कॅसेटी तर सरळ आहेत.”

“दम धर, दोनच फ्रेम,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

खरंच, याला नियमच सापडेना. आहुपेच्या लग्नाची कॅसेट सरळ, पेठची तुटलेली. मग नारायणगावची सरळ, मंचरची तुटलेली. मी वहीत ऊन-सावली लिहून बघितली, बॅटरी कुठली ते लिहून बघितलं. एकदा तर जेवणात जिलेबी असली की आकडे तुटतात आणि बुंदी असली की तुटत नाहीत, असा शोध लावला. पुढच्या आठवड्यात बुंदीच्या लग्नानं तोही मोडला.

आणि त्या गोंधळातच पेठचं प्रकरण झालं.

लग्नसराईची घाई होती. पेठच्या सुलीचं लग्न. मी वहीतून ‘कन्यादान, चौदावं मिनिट’ हा आकडा यंत्राला दिला. यंत्रानं चौदावं मिनिट आणलं. मी त्यावर सनई घातली, गुलाबी अक्षरांत गिरक्या घेत येणारं ‘कन्यादान’ असं नाव घातलं, आणि पुरतं न बघता सीडी देऊन टाकली.

चौथ्या दिवशी नवरीचा भाऊ दत्ता आला, तो जिन्यापासूनच ओरडत.

“ओ इंजिनेर! आमच्या सुलीच्या कन्यादानात आमच्या आत्याचा नवरा जिलेबी हाणतोय!”

मी सीडी लावली. सनई वाजत होती. नाव गिरक्या घेत आलं. आणि त्याखाली पंक्तीत बसलेल्या एका जाड्याजुड्या पाहुण्यानं जिलेबी अख्खी तोंडात घातली आणि दुसरीसाठी हात पुढं केला.

“सुलीच्या सासरी समदी भावकी गोळा करून लावली ही,” दत्ता म्हणाला. “सासू म्हणती, तुमच्यात असं कन्यादान करत्यात व्हय? समदी हसली. सुली मोरीत जाऊन रडली, राव. आमचा बाप न्हाई. चुलत्यानं कन्यादान केलं. तेवढं तरी नीट दावायचं!”

ती कॅसेट मी दुसऱ्या लग्नात वापरायला म्हणून काढून ठेवलेल्या ढिगात टाकली होती. आणि आदल्या दिवशी अण्णा त्या ढिगातल्याच चार कॅसेटी घेऊन शूटिंगला गेले होते. त्यांत पेठची असली, तर कन्यादान पुसलंच गेलं.

अण्णा पुढं झाले. “चूक माझी हाय, दत्ताभाऊ. आकडं मीच उलटं सांगितलं. उद्या सीडी घरपोच व्हईल.”

आकडे मी लिहिले होते, तुकडा मी लावला होता. मी तोंड उघडणार तोच अण्णांनी माझा खांदा दाबला.

दत्ता गेल्यावर मी ढीग उपसला. पेठ लिहिलेली कॅसेट तळाशी सापडली, न वापरलेली. अण्णा म्हणाले, “पयल्या शून्यात बघ.”

“पहिलं शून्य म्हणजे?”

“ह्या कॅसेटीला दोन शून्यं हाईत. येक कन्यादानाच्या आधलं, येक नंतरचं. तू दुसऱ्यात जाऊन जेवलास.”

टेप अगदी सुरुवातीला नेली. चौदाव्या मिनिटाला चुलता-चुलती पाटावर, सुलीची ओंजळ, पाण्याची धार. सगळं जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नवी सीडी घेऊन पेठला गेलो. दत्तानं आधी माझ्यासमोरच लावायला लावली. घरातली, शेजारची माणसं जमली. कन्यादान नीट लागलं आणि दत्तानं पहिल्यांदा मला “बसा, पावणं,” म्हटलं. त्याची आई तेवढी आत चुलीपाशी होती.

“मावशी, या की बाहेर,” मी म्हणालो, “लेकीचं कन्यादान बघा.”

“मी बघितलंय, बाबा. तवाच.”

“मांडवात होता तुम्ही?”

“छ्या! आमाला कोण फुडं येऊ देतंय? कपाळ पांढरं झाल्यालं. मी कोठीत बसले व्हते, पोत्याला टेकून.” त्या पदरानं हात पुसत दारापर्यंत आल्या. “तुमचं अण्णा आलं तिथं हुडकत. म्हनलं, आक्का, ही बगा तुमची लेक. कॅमेऱ्याच्या तेवढुशा काचंत दिसली. मी म्हनलं, परत दावता का? दावली. तिसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली, तर त्येंनीच लावली.”

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात तुटलेल्या कॅसेटी आठवत होतो. मंचरच्या नवरदेवाची विधवा आई. बुंदीच्या लग्नातली ती थोरली बहीण, जी एकाही फोटोत नव्हती. वहीत मी ऊन लिहिलं होतं, बॅटरी लिहिली होती. मांडवात कोण नाही, हे लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

स्टुडिओत अण्णा कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते.

“अण्णा, मला सांगायचं तरी.”

“त्यात काय सांगायचं?” काचेवर फुंकर मारली. मग म्हणाले, “ताईच्या लग्नात आमची आई अशीच कोठीत. मी आठ-नऊ वर्साचा. पळत जाऊन सांगायचो, आता हार घातला, आता फेरं चाललं. तर मला म्हणती, तिनं मान कशी धरलीय रं? मला काय सांगताच येईना.”

खाली भांड्यांच्या दुकानात कुणी तरी पातेली वाजवून बघत होतं. मी कामाचंच बोललो.

“दाखवून झालं, की टेप शेवटच्या चित्रावर थांबवायची. जरा अलीकडंच. मग आकडे तुटत नाहीत.”

“ठाव हाय मला.”

“मग?”

“चित्र संपतं, काच निळी व्हती, तरी ती बाई बघतच असती. तिच्या हातनं कॅमेरा कसा वढून घ्यायचा, तूच सांग.”



त्या लग्नसराईत तुटलेल्या कॅसेटी आणखी आल्या. मधली कोरी पट्टी यंत्राला काही ओलांडता यायची नाही, तिथं येऊन ते अडून बसायचं. मग मी शेजारी खुर्ची ओढून बसायचो आणि तेवढी पट्टी हातानं पुढं न्यायचो.