तिसरा ठिपका

गफूरभाईंना काहीही विचारा, ते आधी तुमचं वाक्य उलटं करून तुम्हालाच परत देणार. "चहा घेता का, गफूरभाई?" की लगेच, "गफूरभाई का घेता चहा?" मग चहा घेणार. यवतमाळात रेडिओ दुरुस्त करणारे पुष्कळ. हा छंद एकट्यालाच.

"उलटं धाडलं का बराबर घरी जाते, बाबूजी," हे त्यांचं पालुपद.

यामागे वेड नव्हतं, यंत्र होतं. मी जवळच्या लोहारा गावात, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग मिलमध्ये कारकून. कापसाची ती वाईट वर्षं. गंजीत लपलेला एखादा खिळा यंत्रात जाऊन ठिणगी उडाली, तर आग लागून मिल कायमची बंद पडायची. गफूरभाईंनी तेलाच्या आठ डब्यांचे अँटेना केले. रेडिओची लहर कापसात सोडायची, लोखंडावरून परतलेली लहर उलटी करून पुन्हा धाडायची. ती आपसूक त्याच लोखंडावर गोळा होई. मोठा तुकडा सापडला की त्याची लहर वजा करायची आणि पुढचा शोधायचा. हे कुठल्या मोठ्या कॉलेजात नव्हे, आमच्या यवतमाळात, पंक्चरच्या दुकानाशेजारी, सातवी पास माणसानं केलं!

चाचणीच्या दिवशी गंजीत दोन बोल्ट पुरायचं काम माझं. यंत्राच्या पडद्यावर ठिपके उमटले तीन.

मिलच्या शेठनी मला विचारलं, "किती टाकले?"

"दोन."

"मंग हे तिसरं काय भूत हाय?"

गफूरभाई म्हणाले, "दोन लोखंडं एकमेकाशी गप्पा मारतात, शेठ. त्या गप्पांतून खोटा तिसरा दिसते. पन त्या गप्पा मी आधीच वजा केल्या. हा खरा हाय."

"आता तुमच्या गप्पा वजा करा," म्हणत शेठ निघून गेले. सगळे हसले. मीही हसलो.

हसता हसता हात खिशात गेला. सुपारीचा अडकित्ता नव्हता; बोल्ट पुरताना गंजीतच पडला असणार. गंजीजवळ लोखंड नेणाऱ्याची नोकरी जाईल, ही पाटी फाटकावर माझ्याच अक्षरात होती. मी गप्प राहिलो. गफूरभाई आपले दोन बोल्ट काढायला मागे थांबले, मग डबे ढकलगाडीवर चढवून गेले. दुसऱ्या दिवशी मी ती जागा उकरली. काहीच नव्हतं. म्हणजे अडकित्ता दुसरीकडंच कुठं हरवला, यंत्रच खोटं, अशी मी मनाची समजूत घातली आणि वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानावरून जायचं टाळलं.

परवा गेलो. आठ डब्यांत सदाफुली लावलेली. मी म्हणालो, "माझं चुकलं, गफूरभाई."

"गफूरभाई, चुकलं माझं."

उलटं करूनही वाक्य तेच राहिलं. त्यांनी ड्रॉवर ओढला. माझा मोराच्या मुठीचा अडकित्ता, तेल लावलेला, गंजाचा डाग नाही.

"बोल्ट काढतानीच भेटला. तवाच शेठले दाखवला असता तं तुमची नोकरी गेली असती."

"मग मले आणून काहून नाही दिला?"

ते मूठ पुसत राहिले. "म्हटलं, हा घ्यायले तरी तुमी याल."

म्हणून आज लिहून देतो: ठिपके तीनच होते. यंत्र बरोबर होतं.

परवा त्यांनी त्याच अडकित्त्यानं सुपारी कातरली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. "चहा घेता का, बाबूजी?"

"बाबूजी का घेता चहा?" मी म्हणालो.