टेकलं की गेलं

मन्मथअप्पा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही न करता ते भिंतीशी उकिडवे बसले आणि त्यांनी आमच्या कपाटाखाली हात घालून पाहिला. हात गेला नाही. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला वाटलं कपाटाचे आता थोडेच दिवस उरलेत.

"सर, वारा कुठून जाईल?"

मी नुकताच बदलीवर धारूरला आलो होतो, शाळेत भूगोल शिकवायला. सामान अजून पुरतं उघडलंही नव्हतं. बायको चहा टाकायला आत गेली, ती कप घेऊन बाहेर येईपर्यंत अप्पांनी शेजारून आठ विटा आणवून आमचं कपाट वर चढवलं होतं. माझ्याकडून एका बाजूने उचलवून घेतलं होतं, हे सांगायला नको. नंतर त्यांनी खाली पंजा पसरून माप घेतलं, "वीतभर. आता वाचलं," असं म्हणाले आणि चहा न घेताच गेले. चहा त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतला, आमची कॉट चढवल्यावर.

अप्पा लिंगायत. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. आजोबांच्या काळी जमिनीवर ठेवलेल्या ताग्यांना वाळवी लागली आणि लग्नसराईचा सगळा माल आतून पोकळ झाला, ही हकिकत ते अशी सांगत की वाळवी काल येऊन गेली असावी. शेवट ठरलेला: "टेकलं की गेलं, सर. भुईला टेकलं की गेलं." त्यामुळे त्यांच्या घरात भुईला टेकलेलं असं काही नव्हतंच. पेट्या विटांवर, टीव्ही विटांवर, पाण्याचा रांजण विटांवर. दुकानाचा ओटा गावात सगळ्यात उंच. गिऱ्हाईक धापा टाकत वर यायचं आणि आधी पाणी मागायचं. दिवसभर मीटरपट्टीने कापड मोजणारा हा माणूस दुकानाबाहेर मात्र वीत आणि बोटं यांवरच जगत असे.

त्या घरात उंचीशी जमत नसे ते फक्त काकूंचं. अप्पांच्या या पत्नी अंगाने भरलेल्या, स्वभावाने गरीब आणि दोन्ही गुडघ्यांनी पार गेलेल्या. गुडघा वाकायचाच नाही. भिंत धरत त्या या खोलीतून त्या खोलीत जात आणि पोचल्यावर तिथेच तासभर बसत. नवरा सगळं घर उचलत सुटलेला आणि बायकोला एक पायरीही चढता येत नाही, हे बघून मला चीड यायची. पण मी बोलत नसे. बोललं की विटा यायच्या.

ते दिवस देश खुला झाल्याचे होते. टीव्हीवर रोज नवी मोटार झुळकन जायची, नाक्यावर एसटीडीचं खोपट आलं होतं, आणि मी वर्गात नवं अर्थधोरण शिकवत होतो. खुलं काय झालं होतं, तर आमचा रस्ता. डांबर निघून गेलं होतं आणि खालची खडी खुली झाली होती. अशात चौसाळ्याच्या एका पुढाऱ्याने मोठी गाडी घेतली आणि त्याची जुनी जिप्सी अप्पांनी आणली. छोटीशीच, टपावर ताडपत्री असलेली. सगळी आळी जमली. काकूंनी दारातूनच हळद-कुंकू पाठवलं. अप्पांनी गाडीला नारळ फोडण्याआधी तिच्याखाली हात घातला.

"खाली हाय," ते म्हणाले. "लई खाली हाय."

मग सुरू झालं. नाक्यावर रशीदमामूचं गॅरेज होतं. मामू ट्रकचे पाटे करण्यात मुरलेला. पाटे म्हणजे ज्यांच्यावर गाडीचं वजन तोललेलं असतं त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. मामूने चारी बाजूंना एकेक जादा पाटा चढवला. गाडी चार बोटं वर आली. अप्पांनी दोन दिवस मापं घेतली आणि तिला परत नेली. मग मोठी टायरं आली. अजून तीन बोटं. आता हेडलाइट रस्त्यावर पडायचे सोडून लिंबाच्या शेंड्यावर पडू लागले आणि बसणाऱ्याचे दात आपटू लागले. येणारे-जाणारे विचारत, "अप्पा, वरचं हवामान कसं हाय?" अप्पा गंभीरपणे सांगत, "गार."

दर रविवारी चाचणीला मला नेत. का, तर मी भूगोलाचा. चाचणी एकाच जागी, घाटाखालच्या ओढ्यात. ओढ्यापलीकडे काकूंच्या माहेरची वाडी, आणि ओढ्यात वाट अडवून खडकाची एक पायरी होती. कुठल्याही गाडीचं पोट तिच्यावर टेकायचं. ती फोडावी तर कडेलाच शेंदूर लावलेला म्हसोबा, आणि पायरी त्याची. पूर्वी रस्त्याचं काम घेतलेल्या एका गुत्तेदाराने सुरुंग लावायचं काढलं, तर तोच महिनाभर अंथरुणाला खिळला. पुन्हा कुणी नाव काढलं नाही. बैलगाडी पायरीवरून आदळत जायची. सहा वर्षांपूर्वी काकू तशा गेल्या होत्या, त्या परत आल्या बाजेवर. त्यानंतर आईची गाठ नाही. आई तिकडे ऐंशीच्या पुढची, कंबरेत वाकलेली आणि वाडी सोडायला नाही म्हणणारी. निरोप यायचा, "डोळे मिटायच्या आदी एकडाव ये." काकू निरोप ऐकायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

हे मला माझ्या बायकोकडून कळलं. अप्पा असलं काही बोलत नसत. मी एकदा सरळ विचारलं, "अप्पा, काकूंसाठी चाललंय ना हे?" तर म्हणाले, "छे. गाडीखालून वारा गेला पायजे."

दुसऱ्या चढाईनंतर गाडी पायरी पार झाली. अप्पांनी अलीकडे चपला काढल्या, अनवाणी पायाने क्लच दाबला, म्हसोबाला हात जोडले आणि गाडी वर घातली. "देवाच्या पायरीवर चपला घालून कसं चढावं, सर?" मीही काढल्या. चार चाकांचं काय, हे म्हसोबा आणि ते बघून घेतील. पोट टेकलं नाही. मला वाटलं, सुटलो.

कशाचा सुटतोय! दुसऱ्याच दिवशी अप्पा पुन्हा गॅरेजात.

"अजून चार बोटं, मामू."

रशीदमामूने हातातला पाना खाली टाकला. "अप्पा, कावून मिनार बांधायलाव? पायरी पार झाली न्हाई का? आता चढवली तर वळणावर उलथंल."

"हळू चालवतो. चार बोटं."

"तीन घ्या."

"चारच."

मामूने मला हाताने खूण केली, की यांना घरी न्या. मी नेणार कसा? चार बोटं चढली. गाडी आता नदीकाठच्या बगळ्यासारखी दिसू लागली. मला अप्पांची कीव यायला लागली होती. चांगला माणूस हातचा गेला, असं वाटत होतं.

निघायचा दिवस आला. अप्पांनी गाडी मागे-पुढे करत दुकानाच्या ओट्याला लावली, अगदी चिकटवून. काकू भिंत धरत आल्या. नवं लुगडं, हातात आईसाठी चोळीचा खण. त्यांनी ओट्यावरून पाय उचलला नाही, नुसता पुढे सरकवला. पाय गाडीत. गाडीचा तळ आणि ओटा एका पातळीत होते. ना पायरी, ना गुडघा. त्या सीटवर बसल्या आणि पोरीसारख्या हसल्या.

ती चार बोटं त्यासाठी होती. महिनाभर हा माणूस ओट्याचं माप घेत होता आणि मी त्याला वेडा ठरवत होतो. मला माझीच लाज वाटली.

पायरीपाशी चपला निघाल्या, पायरी पार झाली. वाडीत गाडी शिरली तेव्हा माणसं घराबाहेर आली. सासूबाई दारातच होत्या. कंबरेतून इतक्या वाकलेल्या, की उभ्या राहिल्या तरी त्यांना फक्त जमीन दिसायची. अप्पा उडी मारून उतरले, काकूंच्या बाजूचं दार उघडलं, आणि तसेच उभे राहिले.

वाडीत ओटा नव्हता.

चढवायचा विचार त्यांनी बोटांनी मोजून केला होता. उतरवायचा केलाच नव्हता. मीही नाही, मामूनेही नाही. स्टूल आणलं, पाट रचले. खाली यायला एक गुडघा तरी वाकायला हवा, तो वाकेना. एकट्या अप्पांना काकू पेलणार नव्हत्या. चार गडी उचलायला पुढे झाले तर त्या ओरडल्या, "मेल्यावर उचला! माहेरच्या दारात मला परक्याचे हात लावू नका." मग अप्पा गाडीशी धुळीत ओणवे झाले, हात-गुडघे टेकून.

"पाय दे पाठीवर."

"उठा! गळ्यात लिंग हाय तुमच्या. त्येच्यावर पाय देऊ व्हय? अन् भुईला टेकायलंय बगा, उठा आदी."

अप्पा उठले. गळ्यातलं लिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. त्यांचं तोंड मी कधी तसं पाहिलं नव्हतं. खाली म्हातारी विचारत होती, "आली का? कुठं हाय? मला दिसंना." वर काकू म्हणत होत्या, "आई, हितं हाय मी. वर बग." आणि म्हातारीची मान वर होत नव्हती. सहा वर्षांनी मायलेकी चार हातांवर आल्या होत्या आणि एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अप्पा एकदम ओढ्याकडे चालू लागले. परतले ते दोन्ही हातांत धोंडे घेऊन. "सर, बाज आणा बाहेर," एवढंच म्हणाले. मग सगळी वाडी धोंडे आणू लागली. बाजेच्या चारी पायांखाली धोंडे रचत, हलवून बघत, पंजाने मापत त्यांनी रिकामी बाज वर चढवली. वीत, दोन वीत, अजून चार बोटं. आठ जणांनी पाय धरून ठेवले. मग त्यांनी सासूला कापडाच्या ताग्यासारखं दोन्ही हातांवर उचललं. म्हातारी पदर ओढून घेत ओरडत होती, "जावईबापू, सोडा, लाज वाटती मला!" त्यांनी तिला बाजेवर नेऊन बसवलं.

बसल्यावर तिची मान जराशी वर झाली. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, सीटवर लेक. म्हातारीने तिच्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस पिकले की गं तुजे." काकूंना रडण्याशिवाय काही सुचेना. खणाची आठवण तर निघताना झाली.

अप्पा बाजेखाली वाकून हात घालत होते. "वारा जायलाय," ते मला म्हणाले. त्यांचेही डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. एक धोंडा हलत होता, तो त्यांनी दाबून धरला होता.

ही गोष्ट मी इथेच संपवली असती. पण त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली. सांगावा आला तेव्हा ओढा दुथडी भरून वाहत होता. पायरी कुठे, म्हसोबा कुठे, काही दिसत नव्हतं. अकरा बोटं उंच केलेली गाडी घेऊन आम्ही अलीकडच्या काठाला थांबलो. उंचीचा उपयोग झाला तो इतकाच, की काकूंना बसल्या जागेवरून पलीकडचं दिसलं. त्यांच्यात मयताला बसवून नेतात. फुलांनी सजवलेलं विमान खांद्यांवरून काठाकाठाने चाललं होतं आणि आत म्हातारी बसलेली, पाठीला आधार देऊन ताठ बांधलेली.

"आई सरळ बसली की वो," काकू म्हणाल्या. विमान बाभळींच्या आड गेलं तरी त्या तिकडेच बघत राहिल्या.

पुढच्याच आठवड्यात अप्पांनी गॅरेजात उभं राहून सगळे जादा पाटे काढवले. टायरंही जुनी बसवली. गाडी खाली आली, होती त्याहूनही जरा खाली, कारण जुने पाटे आता दमले होते.

दिवाळीनंतर एका रविवारी मी अप्पा-काकूंबरोबर गेलो; काकू या वेळी मागच्या दाराने येऊन भुईवरूनच सीटवर बसल्या होत्या. वाटभर गाडीचं पोट खडीवर घासत होतं. प्रत्येक खर्र आवाजाला मी सीटवरून उचलला जात होतो. अप्पा शांत होते. ओढ्यापाशी पायरीच्या अलीकडे त्यांनी गाडी उभी केली. पुढे ती जाणारच नव्हती. काकूंनी दार उघडलं, आधी एक पाय टेकवला, मग दुसरा, आणि कुणाचा हात न धरता खाली उतरल्या. वाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अप्पा, लई घासली हो खालून."

"घासू द्या, सर," ते म्हणाले. "टेकली तर टेकली. आता आपली आपण उतरती ती."

मी मान खाली घातली. पलीकडे जायचं नव्हतं, तरी त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या.